कौन्सिलच्या कचऱ्याच्या टोपलीतून आलेली कादंबरी

मागच्या अंकात मी विनिफ्रेड हॉल्टबी या इंग्रज कादंबरीकर्तीचा चार ओळींत उल्लेख केला होता, तोही ग्रामसभेवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना, बोलण्याच्या ओघात. पत्रं मात्र आली ती तिच्याबद्दलच. तेव्हा या खेपेला बाकीचे प्रश्न फडताळात आणि सगळी जागा हॉल्टबीला. पत्रं लांबलचक होती, मी कात्री लावली आहे. रागावू नये.

प्रश्न : मी एम. ए.ला इंग्रजी घेतलं आहे. आम्हाला अभ्यासाला इंग्रज कादंबरीकर्ती व्हर्जिनिया वुल्फ आहे, पण हॉल्टबीचं नावसुद्धा नाही. ही बाई नक्की कोण? आणि इतकी चांगली असेल तर आम्हाला कुणी सांगितलं कसं नाही? — विद्यार्थिनी, फोंडा

बाय, मी कॉलेजात शिकवत होते तेव्हाही वुल्फच होती, त्यामुळे तुझ्या प्राध्यापकांना दोष देऊ नकोस.

विनिफ्रेडचा जन्म २३ जून १८९८चा, यॉर्कशायरच्या ईस्ट रायडिंग भागातल्या रडस्टन गावचा. वडील मोठे शेतकरी. आई ॲलिस भारी हिकमती. मुलीच्या लहानपणीच्या कविता तिने परस्पर छापूनही घेतल्या होत्या. मुलगी स्कारबरोच्या बोर्डिंग शाळेत असताना, १६ डिसेंबर १९१४ रोजी, जर्मन आरमाराने त्या गावावर तोफा डागल्या. शाळेतल्या मुली रस्त्याने पळत सुटल्या. विनिफ्रेडने त्या सकाळचं वर्णन पत्रात लिहिलं, ते वर्तमानपत्रात छापून आलं, आणि पुढे ‘द क्राउडेड स्ट्रीट’ या कादंबरीत तीच सकाळ तिने पुन्हा वापरली.

ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात ती १९१७ला गेली, पण युद्ध चालू असताना पुस्तकं घेऊन बसणं तिला जमेना. स्त्रियांच्या लष्करी सहाय्यक दलातून ती फ्रान्सला गेली आणि १९१९ला परत येऊन इतिहासाची पदवी पुरी केली. नंतर लंडन, पत्रकारिता, व्याख्यानं. ‘टाइम अँड टाइड’ हे साप्ताहिक लेडी ऱ्होंडा यांनी काढलेलं, बायकांनी चालवलेलं. त्याच्या संचालक मंडळावर विनिफ्रेड १९२६ साली गेली, वय अठ्ठावीस. तिने सहा कादंबऱ्या लिहिल्या आणि मूत्रपिंडाच्या आजाराने २९ सप्टेंबर १९३५ रोजी ती गेली. वय सदतीस.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वुल्फपाशीच सापडतं. १९३२ साली हॉल्टबीने व्हर्जिनिया वुल्फवर अख्खं पुस्तक लिहिलं, तिच्यावरच्या इंग्रजीतल्या अगदी पहिल्या समीक्षाग्रंथांपैकी एक. वुल्फबाईंनी त्याची परतफेड कशी केली? पत्रात लिहिलं, की ही यॉर्कशायरच्या शेतकऱ्याची मुलगी, डुकरं राखता राखता वाचायला शिकली म्हणे. ऑक्सफर्डची पदवीधर हो ही! विद्यापीठांत पुढे मान मिळाला तो वुल्फच्या धर्तीच्या लेखनाला, मनाच्या आत उतरणाऱ्या, गोष्ट मोडून लिहिणाऱ्या कादंबरीला. हॉल्टबीकडे सरळ गोष्ट, भरपूर माणसं, शेती, शाळा, रस्ते. ‘प्रादेशिक’ असा शिक्का बसला की मराठीत काय होतं ते तू जाणतेस. तिकडेही तेच झालं.

आणि एक. ‘द क्राउडेड स्ट्रीट’ आली १९२४ साली. तिच्यातली म्युरिएल ही लग्नाची वाट बघत बसवून ठेवलेली मुलगी आहे. आई जी पार्टी ठरवील तिथे जायचं, नाचाला कुणी बोलावतंय का बघत भिंतीशी उभं राहायचं. नऊ वर्षांनी आपल्याकडे विभावरी शिरूरकरांचं, शिकलेल्या अविवाहित मुलींच्या घुसमटीवरचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि पुण्यामुंबईत केवढा गहजब झाला. तुला प्रबंधिकेला विषय हवा असेल तर ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून बघ. गाइडने नाही म्हटलं तर मला कळव.

प्रश्न : विनिफ्रेड आणि तिची लेखिका मैत्रीण व्हेरा ब्रिटन एकत्र राहत होत्या असं वाचलं. मग हे नातं मैत्रीचंच होतं की आणखी काही? स्पष्ट लिहा, आम्ही लहान नाही. — निवृत्त मुख्याध्यापक, मडगाव

सर, स्पष्टच लिहिते. दोघींची सुरुवात भांडणाने झाली. सॉमरव्हिलमध्ये एकाच प्राध्यापकांकडे दोघी इतिहासाला होत्या. व्हेराचा भाऊ, ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो, जवळचे दोन मित्र, सगळे युद्धात गेलेले. ती कडवट आणि गप्प. विनिफ्रेड उंच, सोनेरी केसांची, खळखळून हसणारी. कॉलेजातल्या एका वादसभेत विनिफ्रेडने आपला पाणउतारा केला असं व्हेराला वाटलं, आणि तिने ते मनात ठेवलं. मग हळूहळू गट्टी जमली. पदवीनंतर लंडनमध्ये एकत्र बिऱ्हाड केलं, दोघींनी एकमेकींची हस्तलिखितं तपासली. १९२५ला व्हेराने जॉर्ज कॅटलिनशी लग्न केलं, आणि काही काळाने विनिफ्रेड त्यांच्याच घरात राहायला आली. व्हेराच्या दोन्ही मुलांना तिने मावशीच्या मायेने सांभाळलं. त्यांतली धाकटी शर्ली पुढे ब्रिटनमध्ये मंत्री झाली, शर्ली विल्यम्स.

लोक तेव्हाही कुजबुजले. व्हेराने ते आयुष्यभर नाकारलं आणि १९४० साली ‘टेस्टामेंट ऑफ फ्रेंडशिप’ हे विनिफ्रेडचं चरित्र लिहिताना बायकांच्या मैत्रीची बाजू ठणकावून मांडली. पुरुषांच्या मैत्रीचे गोडवे गातात आणि बायकांची मैत्री म्हटली की भुवया उंचावतात, अशी तिची तक्रार होती. ती मला शंभर टक्के पटते. मात्र त्याच व्हेराने केलेली एक गोष्ट मला रुचत नाही. विनिफ्रेडचं लहानपणापासून हॅरी पिअर्सनवर मन होतं. तो युद्धावरून आला तो भटकाच राहिला, येई आणि जाई. विनिफ्रेड अखेरच्या दिवसांत नर्सिंग होममध्ये असताना त्याने तिला लग्नाचं विचारलं. त्याला त्यासाठी तयार केलं होतं व्हेराने. प्रेमापोटी केलं, मान्य. पण मरणाऱ्या बाईच्या गोष्टीला ‘शेवट गोड’ लावण्याची ही घाई व्हेरातल्या लेखिकेची होती, असं मला वाटतं. विनिफ्रेडने स्वतःच्या नायिकांना असे शेवट दिले नाहीत. म्युरिएलला हवा तो पुरुष शेवटी मागणी घालतो तेव्हा ती नाही म्हणते.

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातल्या एका गावची पंच. राखीव प्रभागातून निवडून आले. तुम्ही लिहिलंत की या बाईने कौन्सिलच्या कामकाजावर कादंबरी लिहिली. आमच्या बैठकीत गटार, पथदीप, घरदुरुस्तीचे दाखले आणि एकमेकांची उणीदुणी. यातून कादंबरी कशी होते हो? — एक पंच

ताई, तुम्ही जी यादी दिलीत तीच कादंबरी आहे. आता सविस्तर सांगते, कारण हे पत्र आलं तेव्हाच ठरवलं होतं की जास्तीत जास्त जागा याला.

कादंबरीचं नाव ‘साउथ रायडिंग’. यॉर्कशायरचे ईस्ट, वेस्ट आणि नॉर्थ असे तीन रायडिंग, म्हणजे विभाग, खरे होते. साउथ नव्हतं, ते हॉल्टबीने कल्पनेने वसवलं. पुस्तकाचे आठ भाग आहेत आणि प्रत्येकाला काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, समितीचं नाव : शिक्षण, रस्ते आणि पूल, शेती आणि छोटे जमीनतुकडे, सार्वजनिक आरोग्य, गरिबांना मदत, मनोदुर्बलांची व्यवस्था, वित्त, घरबांधणी आणि नगररचना. सुरुवात होते ती सभागृहाच्या पत्रकार कक्षात. एक नवखा पोरगा वार्ताहर म्हणून येऊन बसलाय, त्याला वाटतंय इथे इतिहास घडणार, आणि खाली म्हातारे सभासद कागद चाळतायत.

हा मालमसाला तिला कुठून मिळाला? घरातून. ॲलिस हॉल्टबी, तिची आई, १९२३ पासून ईस्ट रायडिंगच्या कौन्सिलवर होती आणि पुढे तिथली पहिली महिला ऑल्डरमन झाली. (निवडून आलेल्या सभासदांनीच आपल्यातून किंवा बाहेरून निवडलेले ज्येष्ठ सभासद म्हणजे ऑल्डरमन.) आईकडे बैठकांचे अहवाल, टिपणं, कार्यसूची यांचे ढीग येत. वाचून झाले की ते कचऱ्याच्या टोपलीत. लेक ते टोपलीतून काढून वाचायची. तुमच्या सचिवाने ही युक्ती वाचली तर तो उद्यापासून कपाटाला कुलूप लावील!

आता त्या कागदांतून तिने काय केलं ते एका मुलीवरून बघा. लिडिया हॉली. समुद्राकाठी ‘शॅक्स’ म्हणून झोपड्यांची वस्ती आहे, तिथे मोडीत काढलेल्या रेल्वेच्या डब्यात हे कुटुंब राहतं. पोरांचं लेंढार, बाप मजूर, आई सारखी बाळंतीण. लिडिया डब्याच्या छपरावर चढून पालथी पडून शेक्सपिअर वाचते, कारण खाली पाय ठेवायला जागा नाही. तिला हायस्कूलची शिष्यवृत्ती मिळते. शिक्षण समितीच्या कागदावर ही नोंद एक ओळीची. मग आई बाळंतपणात जाते. ही नोंद आरोग्य समितीकडे. आता धाकट्यांना सांभाळणार कोण? लिडिया. शाळा बंद. या वेळी मात्र नोंद कुठेच होत नाही, कारण मुलीने घरकामासाठी शाळा सोडणं हा कुठल्याच समितीचा विषय नव्हे. मला हे वाचताना दर वेळी आपल्याकडची दहावीला हुशार निघालेली आणि अकरावीत दिसेनाशी झालेली एखादी मुलगी आठवते. तुमच्या प्रभागातही असेल, बघा.

शाळेची नवी मुख्याध्यापिका सेरा बर्टन, लाल केसांची, लोहाराची पोर, चळवळी स्वभावाची, या मुलीसाठी जिवाचं रान करते. वाट निघते ती भलतीकडूनच. लिडियाचा विधुर बाप शेजारच्या एका खमक्या विधवेशी सूत जमवतो, घरात बाई येते आणि लिडिया शाळेत परत जाते. कौन्सिलला न सुटलेला प्रश्न एका दुसऱ्या लग्नाने सुटला! हॉल्टबीचा मिस्किलपणा असा असतो. ती व्यवस्थेची बाजू घेते आणि तिची टोपीही उडवते.

रस्त्यांचं आणि जमिनीचं प्रकरण तर गोव्याच्या माणसाला समजावून सांगायलाच नको. हगिन्स नावाचा एक सभासद आहे, रविवारी चर्चमध्ये तोंड फाटेस्तोवर उपदेश करणारा आणि एरवी वाहतुकीचा धंदा करणारा. नवी वसाहत आणि रस्ता कुठून जाणार याचा त्याला आतून सुगावा लागतो, आणि ती पडीक दलदलीची जमीन आधीच विकत घेऊन ठेवण्याचे उद्योग सुरू होतात. स्नेथ हा श्रीमंत, थंड डोक्याचा ऑल्डरमन सगळं ओळखून असतो. पण हॉल्टबी त्याला खलनायक करत नाही. त्याच्या कारस्थानांतून गरिबांना खरोखरच घरं मिळतात. आणि रॉबर्ट कार्न, जुन्या वाड्याचा भाटकार म्हणजे जमीनदार, प्रामाणिक, दिलदार, तो प्रत्येक सुधारणेला पैसे नाहीत म्हणून विरोध करतो. सज्जन माणूस आडवा येतो आणि लबाड माणूस गटार बांधून देतो. पंच म्हणून तुम्हाला हे दोघेही भेटले असतील.

तो प्रदेशही आपल्याला अगदीच परका वाटत नाही. हंबर नदीच्या मुखाशी बांध घालून समुद्राकडून काढून घेतलेली सपाट जमीन आहे ती, आपल्या खाजनांसारखी. पलीकडे किनारा मात्र लाटांनी झिजत चाललाय. कार्न शेवटी मरतो तो त्याच ढासळत्या कड्यावरून घोड्यासकट.

कादंबरीच्या सुरुवातीला आईला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात हॉल्टबी म्हणते की स्थानिक स्वराज्य म्हणजे दारिद्र्य, आजार, अज्ञान, एकटेपणा या सगळ्यांच्या सामायिक शत्रूंपुढे समाजाने उभी केलेली संरक्षणाची पहिली फळी. पुढच्या बैठकीत पथदिव्यावरून जुंपली की ही ओळ वाचून दाखवा. कुणी ऐकणार नाही, पण इतिवृत्तात जाईल.

प्रश्न : आपल्याकडे लेखिकांचा दुष्काळ पडला आहे काय, की या गोऱ्या मडमा उकरून काढाव्यात? साहेबाचं राज्य गेलं तरी डोकी तिथेच. — एक नियमित वाचक, पेडणे

साहेबाचं राज्य आपल्या गोव्यावर नव्हतंच भाऊ, पोर्तुगीज फिरंग्यांचं होतं, आणि ते गेलं १९६१ला. पण तुमचा मुद्दा कळला.

ही मडम १९२६ साली राष्ट्रसंघाच्या प्रचारासाठी दक्षिण आफ्रिकेत व्याख्यानं द्यायला गेली. गोऱ्यांच्या सभांतून बोलता बोलता तिने काळ्या कामगारांची स्थिती पाहिली आणि क्लेमेंट्स कडाली यांच्या कामगार संघटनेशी संबंध जोडला. इंग्लंडात परतल्यावर त्या संघटनेला सल्लागार म्हणून विल्यम बॅलिंजर हा स्कॉटिश कार्यकर्ता पाठवला गेला, तेव्हा त्याच्या खर्चासाठी ती मरेपर्यंत वर्गणी गोळा करत होती, कमी पडले तर लेख लिहून पदरचे घालत होती. जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीत पुढे तिच्या नावाने वाचनालय निघालं.

तिची ‘मँडोआ, मँडोआ!’ (१९३३) ही कादंबरी तुम्ही पेडण्यात बसून जरूर वाचा. आफ्रिकेतला एक काल्पनिक देश, तिथल्या दरबाऱ्याला हॉलिवूडच्या सिनेमांची भुरळ पडलेली, आणि लंडनची एक पर्यटन कंपनी तिथे हॉटेल काढून गिऱ्हाइकं आणते. मग काय काय होतं, हे किनारपट्टीवरच्या माणसाला मी सांगू? पुस्तक सगळंच उतरलेलं नाही. काळ्या पात्रांवरचे काही विनोद आज खटकतात, तुम्हाला तर नक्कीच खटकतील. तरी वाचा आणि मग मला शिव्यांचं दुसरं पत्र लिहा.

प्रश्न : मी गावावर कादंबरी लिहितोय. माझी आत्या दोनदा सरपंच होती, तिच्यावरून एक पात्र घेतलंय, तेही चांगलंच. घरात कळल्यावर आत्या बोलेनाशी झाली. चवथीला आली तीही वडिलांशी बोलून गेली. लिहू की थांबवू? — तरुण लेखक, काणकोण

अरे, हॉल्टबीच्या घरात हेच रामायण झालं, म्हणून तुझं पत्र या अंकात घेतलं.

‘साउथ रायडिंग’मध्ये मिसेस बेडोज आहे. सत्तरी ओलांडलेली ऑल्डरमन, गोलमटोल, हजरजबाबी, सगळ्यांची कामं करणारी. अख्ख्या पुस्तकात वाचक सर्वांत जास्त जीव लावतो तो हिलाच. आईला लिहिलेल्या त्या पत्रात विनिफ्रेडने मुद्दाम बजावलं होतं, की ही बाई म्हणजे तू नव्हेस. कोण विश्वास ठेवणार? पुस्तक हाती घेणाऱ्या प्रत्येकाला त्या कौन्सिलमध्ये ॲलिस हॉल्टबी दिसणार हे उघड होतं. लेक गेल्यावर हस्तलिखित आईच्या हाती पडलं आणि तिने छापायला विरोध केला. लेखनाचे हक्क सांभाळायची जबाबदारी विनिफ्रेडने व्हेराकडे दिली होती, म्हणून पुस्तक १९३६ साली निघालं. त्याला जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळालं, १९३८ला सिनेमा निघाला. ॲलिसने कौन्सिलचा राजीनामा दिला.

म्हणजे पात्र चांगलं काढलंय ही तुझी ढाल चालणार नाही. आत्याला राग स्तुतीचा वा निंदेचा नाही. बैठकीच्या दाराआड घडलेलं तू घरच्या पोराने पाहिलंस आणि बाजारात नेलंस, याचा आहे. तो राग खरा आहे आणि तुझं लिहिणंही खरं आहे. मी थांब म्हणणार नाही.

पण विनिफ्रेडच्या पुस्तकातून एक शिकण्यासारखं आहे. तिला १९३२च्या सुमाराला डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षं दिली होती. ही कादंबरी तिने त्यानंतर, विदर्नसी आणि हॉर्नसी या समुद्रकाठच्या गावांत खोल्या घेऊन लिहिली. स्वतःचं दुखणं तिने कुणाला दिलं? मिसेस बेडोजला नाही, सेराला नाही. खानावळवाल्या लिली सॉडनला, जी आपला कर्करोग नवऱ्यापासून लपवून ठेवते. जे सर्वांत आतलं होतं ते तिने अशा पात्राला दिलं, जिथे ते कुणी शोधणार नाही. तूही तसं कर. आत्याचं सरपंचपण घे, तिचा दरारा घे. पण तिच्या घरातलं, जे तुला भाचा म्हणून कळलं, ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या कुणाला तरी दे. पुरुषाला दिलंस तर उत्तमच. आणि पुरी झाली की पहिली प्रत तिच्याच हातात ठेव, छापखान्यात जाण्याआधी. प्रकरण-प्रकरण वाचून दाखवत बसू नकोस, नाहीतर कादंबरी ती लिहील.

प्रश्न : कुठून सुरुवात करू आणि पुस्तकं मिळतील कुठे? — चार-पाच पत्रांत

‘साउथ रायडिंग’पासूनच. सुरुवातीला पात्रांची यादी आहे, दीडशेहून जास्त नावं. ती बघून घाबरू नका, वगळा. पहिली पन्नास पानं कौन्सिलमध्येच रेंगाळतात, तेवढी सोसा. जाड पुस्तक नको असेल तर ‘अँडर्बी वोल्ड’ (१९२३) ही पहिली कादंबरी घ्या. शेतमजुरांच्या असंतोषामुळे तिच्या वडिलांनी शेतीवाडी विकली, त्याची झळ तिच्यात आहे. तिचं लेखन आता कॉपीराइटमुक्त आहे, ‘साउथ रायडिंग’ नेटवर फुकट मिळते. छापील हवी असेल तर व्हिरागो प्रकाशनाच्या आवृत्त्या आहेत. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाणार असाल तर काउंटरवर मागणी लेखी नोंदवा, तोंडी सांगून घरी येऊ नका.